जन्म न दिलेल्या आया

जपानी सिनेमातली आई म्हटलं की पहाटे उठून डबा भरणारी, सगळं गपचूप सोसणारी बाई आठवते, पण मला खरं वेड लावलंय ते त्या चौकटीत न बसणाऱ्या आयांनी. हिरोकाझु कोरे-एदाच्या २०१८ च्या 'शॉपलिफ्टर्स' मधली नोबुयो घ्या. घरी मार खाणाऱ्या लहानग्या युरीला ती सरळ आपल्याकडेच ठेवून घेते, कायद्याने ते अपहरणच. दोघींच्या हातावर इस्त्रीच्या चटक्याचे डाग आहेत, अंघोळ करताना दोघी ते एकमेकींना दाखवतात आणि त्या एवढ्याशा सीनमध्ये जे नातं जुळतं ना, ते रक्ताच्या नात्यात पण रोज दिसत नाही. पुढे पोलीस चौकशीत तिला विचारतात की मुलं तुला काय म्हणून हाक मारायची, तेव्हा नोबुयो झालेली अभिनेत्री साकुरा आंदो हाताने डोळे पुसतच राहते, पुसतच राहते, कॅमेरा हलत नाही, आणि माझ्या घशात दरवेळी आवंढा येतो.

त्याच दिग्दर्शकाच्या २००४ च्या 'नोबडी नोज' मध्ये उलटं, सख्खी आई चार पोरांना फ्लॅटमध्ये सोडून निघून जाते. ती लाडीक, हसरी आहे, पोरांवर जीव पण आहे तिचा, म्हणूनच जास्त राग येतो.

आणि सातोशी कोनच्या 'टोकियो गॉडफादर्स' मधली हाना! बेघर ट्रान्स बाई, ख्रिसमसच्या रात्री कचऱ्यात सापडलेलं बाळ हातात घेते आणि सोडायलाच तयार नाही. २००३ मध्ये अ‍ॅनिमेशनमध्ये हे इतक्या मायेने दाखवलंय, प्लीज बघाच.