आईला घेऊन मेलबर्नला: व्हिसा, बॅगा आणि ‘हो’वरची खूण

दादाला मुलगी झाली आणि आईने जाहीर केलं, बारशाला मी येणार. आई 76 वर्षांची, पासपोर्टवर आजवर एकही शिक्का नाही, आणि मुक्काम सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शेतावर. तिच्यासोबत मी गेले आणि परतही आले. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांनी फोन करून तेच तेच प्रश्न विचारले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. विशेषतः ज्यांचे आईवडील एकटे जाणार आहेत त्यांनी हे वाचून त्यांना समजावून सांगावं.

आधी व्हिसा. भारतीय पासपोर्टवाल्यांना ऑस्ट्रेलियाची झटपट मिळणारी ई-परवानगी चालत नाही. आपल्याला सबक्लास 600 चा व्हिजिटर व्हिसाच काढावा लागतो. ‘इमीअकाउंट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडून सगळं ऑनलाइन भरायचं. एजंट लागतोच असं नाही, घरातल्या कुणालाही निवांत बसून हे जमतं. मात्र एका बैठकीत उरकायला जाऊ नका. अर्ज अर्धवट साठवून ठेवता येतो.

आमचा सर्वात जास्त वेळ खाल्ला तो नावांनी. आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, सातबाऱ्यावर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेलं. आपल्याकडच्या बहुतेक बायकांची हीच गत असते. अर्जात ‘तुम्हाला पूर्वी दुसऱ्या नावाने ओळखलं जात होतं का’ असा प्रश्न येतो. तिथे सरळ ‘हो’ म्हणून माहेरचं नाव लिहायचं आणि लग्नाचा दाखला जोडायचा. चालू नाव मात्र पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, आडनाव एका रकान्यात आणि नवऱ्याच्या नावासकट उरलेलं सगळं दुसऱ्या रकान्यात. विमानाच्या तिकिटावरही तेच.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे परत येण्याचं कारण. हा माणूस पाहुणा म्हणून येऊन खरंच परत जाणार आहे याची त्यांना खात्री पटली पाहिजे. आईच्या नावावर पगार नाही, आयकर विवरण नाही. आम्ही सातबारा, आठ-अ, निवृत्तिवेतनाचा कागद आणि बँकेचं पासबुक जोडलं. दादाने निमंत्रणाचं पत्र, त्याच्या बँकेचा तपशील आणि तिथल्या वास्तव्याचा पुरावा दिला. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावंच लागतं. भाषांतर करणारा ऑस्ट्रेलियाबाहेरचा असेल तर तिथल्या मान्यतेची गरज नाही, पण प्रत्येक भाषांतरावर त्याचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि भाषेतली पात्रता लिहिलेली हवी. आम्हाला गावाकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी हे काम फार नेटकं करून दिलं.

अर्ज भरल्यावर बोटांचे ठसे आणि फोटो देण्याचं पत्र आलं, ते पुण्यात झालं. 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना वैद्यकीय तपासणीही करावी लागते, आणि ती त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. तपासणीला जाताना पासपोर्ट, चष्मा, जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी जवळ असू द्या. तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा, असं मी आग्रहाने सांगेन.

व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर उमटत नाही, ईमेलने पत्र येतं. ते नीट वाचा. त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात: अमुक तारखेपर्यंत ऑस्ट्रेलियात पोहोचायला हवं ही एक, आणि पोहोचल्यापासून इतके महिने राहता येईल ही दुसरी. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात. व्हिसा वर्षभराचा आणि मुक्काम तीन महिन्यांचा, असं सहज असू शकतं. मुदतीनंतर 28 दिवसांहून जास्त राहिलं तर पुढची तीन वर्षं तात्पुरता व्हिसा नाकारला जाऊ शकतो. म्हणून परतीची तारीख ठरवताना हे पत्र समोर ठेवा. खाली अटींचे क्रमांक असतात. 8101 म्हणजे काम करायचं नाही. 8503 असेल तर तिथे राहून मुक्काम वाढवण्याचा अर्ज सहसा करता येत नाही. 8501 म्हणजे पूर्ण मुक्कामभर आरोग्यविमा हवा. ही अट नसली तरी विमा घ्याच. तिथल्या मेडिकेअर योजनेचा आपल्या पाहुण्यांना लाभ मिळत नाही आणि म्हाताऱ्या माणसाचं एक रात्रीचं रुग्णालयसुद्धा कुटुंबाला जड जातं. व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो. मध्येच पासपोर्ट नवा केलात तर नवा क्रमांक त्यांना कळवायचा.

आता बॅगा.

घरात बाळंतीण, त्यामुळे डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, बाळंतशोपा, साजूक तूप अशी यादी आपोआप तयार झाली होती. मी नियम वाचले आणि आईसमोर बसून एकेक वस्तू बाजूला काढली. तिला वाईट वाटलं, पण कारण सांगितल्यावर तिला ते माझ्यापेक्षा लवकर समजलं. ऑस्ट्रेलियात 1872 नंतर जनावरांमध्ये लाळ्या-खुरकूत आलेला नाही. आपल्याकडे अजून दरवर्षी लसीकरणाच्या मोहिमा चालतात. या रोगाचा विषाणू दुधाच्या पदार्थांतूनही जाऊ शकतो, म्हणून पेढे, बर्फी, गुलाबजाम, रसगुल्ला ही दुधाची मिठाई तिथे नेता येत नाही. आईने गोठ्यात लाळ गळणारी, खुरं सडलेली जनावरं पाहिली आहेत. ती म्हणाली, “त्यांच्याकडं नाही ना आलेला, मग त्यांनी जपायलाच पाहिजे.”

धान्याचंही तसंच. खपरा भुंगेरा आपल्या साठवणीतला जुना शत्रू. तो कोठारात शिरला की बाहेर काढणं फार अवघड, कारण त्याच्या अळ्या फटींमध्ये दडून न खाता दीर्घकाळ जगतात. तो तिथे पोहोचू नये म्हणून तांदूळ, गहू, हरभरा, मूग, मसूर, तूर, शेंगदाणे, जिरे, धने, बडीशेप, सुक्या मिरच्या हे प्रवाशांच्या सामानातून आणायला बंदी आहे. म्हणजे आपण ज्याला घरचं म्हणून प्रेमाने बांधून देतो ते जवळपास सगळंच. घरचे तांदूळ, घरच्या मिरच्या, गावची डाळ, यातलं काहीही भरू नका. मेलबर्नमध्ये डँडेनाँगला आणि पश्चिमेकडच्या टार्नीट, वेरिबी भागात भारतीय किराण्याची भरपूर दुकानं आहेत. आईने डिंकाचे लाडू तिथे पोहोचल्यावर केले आणि सुनेला गरम गरम खाऊ घातले.

मुंबईहून निघतानाच काही वस्तू अडतात, त्यांचा ऑस्ट्रेलियाशी संबंध नाही. सुकं खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही. कापूर आणि काडेपेटीही नाही. लोणचं हातातल्या पिशवीत ठेवू नका. पॉवर बँक मात्र हातातल्याच पिशवीत.

आम्ही काय नेलं? सीलबंद चहा, बिस्किटं, कारखान्यात भाजून तयार झालेल्या मसाल्याचं छापील वेष्टणातलं पाकीट, बाळासाठी सावंतवाडीची लाकडी खेळणी, चांदीचे वाळे आणि आईची औषधं. औषधं तीन महिन्यांपुरतीच, मूळ पट्ट्यांमध्ये, सोबत डॉक्टरांचं इंग्रजी पत्र. पत्रात ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्या. चूर्ण, काढा, च्यवनप्राश हेही औषधातच धरा आणि जाहीर करा. कुणी भेटी नेत असेल तर प्रत्येक मोठ्या माणसामागे 900 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतचा माल करमुक्त, मद्य सव्वादोन लिटर, आणि 25 सिगरेटी किंवा 25 ग्रॅम तंबाखू. अंगावर बरेच दागिने असतील तर निघताना भारतीय कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना ते तुमचेच आहेत हे सिद्ध करावं लागत नाही. भारतातून जाताना एका फेरीला जास्तीत जास्त 3,000 अमेरिकी डॉलरइतकं परकीय चलन रोख नेता येतं, बाकी कार्डावर. भारतीय नोटा 25,000 रुपयांपर्यंत.

आम्ही सिंगापूरमार्गे गेलो. तिथे विमानतळाच्या आतच थांबायचं असल्याने व्हिसा लागला नाही, कारण दोन्ही विमानं एकाच तिकिटावर होती आणि बॅगा थेट मेलबर्नपर्यंत लावल्या होत्या. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीत आणि बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागलं, तर तिथल्या इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं आणि मग व्हिसाचा प्रश्न येतो. वयस्कर माणसाला या फंदात टाकू नका. व्हीलचेअर मात्र जरूर मागा. चालता येत असलं तरी मागा, लांबच लांब वाटा वाचतात.

विमानात एक कार्ड देतात, त्याचं नाव इनकमिंग पॅसेंजर कार्ड. या सबंध प्रवासात सर्वात महत्त्वाचा कागद तोच. पुढे ‘हो’ आणि ‘नाही’चे चौकोन असतात. औषधं आहेत का, मर्यादेबाहेर मद्य-तंबाखू आहे का, 10,000 ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून जास्त रोख आहे का, मांस-दूध-अंडी-फळं-भाज्या आहेत का, बिया-धान्य-वनस्पती-लाकडी वस्तू आहेत का, मातीचा संपर्क आलेल्या वस्तू आहेत का, गेल्या 30 दिवसांत शेतावर गेला होता का. खाली सही करायची, आणि ती सही कायद्याने बांधणारी असते.

आपली माणसं इथे घाबरून ‘नाही’वर खुणा करत जातात. त्यांना वाटतं, ‘हो’ म्हटलं की पकडणार. प्रत्यक्षात नेमकं उलट आहे. ‘हो’ म्हणून जाहीर केलेली वस्तू नेण्यासारखी नसेल तर ते काढून घेतात, आणि विषय तिथे संपतो. लपवलेली सापडली तर हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो, आणि 2019 पासून पाहुण्यांचा व्हिसासुद्धा रद्द करण्याचा अधिकार त्यांना आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिडनीला कच्चं डुकराचं मांस जाहीर न करता आणणाऱ्या एका प्रवासी बाईला विमानतळावरूनच परत पाठवलं गेलं. शंका असेल तर ‘हो’. खात्री नसेल तरी ‘हो’. घरच्यांनी बॅग भरून दिली असेल आणि आत काय आहे ठाऊक नसेल, तर आधी उघडून पाहा.

आईच्या कार्डावर अन्न, औषधं, लाकूड आणि शेत अशा सगळ्यांवर मी ‘हो’ची खूण केली.

इमिग्रेशनच्या काउंटरवर विचारलं, कुणाकडे, किती दिवस. आई मराठीत बोलली, मी सांगितलं. एकट्या येणाऱ्यांना दुभाषा मागता येतो. तरीही दादाचं नाव, पत्ता, फोन, परतीची तारीख आणि औषधांची यादी इंग्रजीत लिहिलेला एक कागद पासपोर्टसोबत द्यावा. व्हिसाच्या पत्राची छापील प्रतही द्यावी, फोनची बॅटरी ऐनवेळी संपते.

बॅगा घेतल्यावर आम्हाला तपासणीच्या रांगेत पाठवलं. अधिकारी तरुण मुलगी होती. खेळणी उलटसुलट करून तिने किडीची भोकं, सालीचे तुकडे पाहिले आणि परत दिली. चहा, बिस्किटं, मसाल्याचं पाकीट वाचून पाहिलं, परत दिलं. मग म्हणाली, शेतावर घातलेल्या चपला दाखवा. त्या आम्ही निघण्याआधी ब्रशने घासून, धुऊन, वाळवून वेगळ्या पिशवीत ठेवल्या होत्या. तिने तळवे पाहिले आणि आईला विचारलं, शेतात काय पिकवता? ऊस, आलं, थोडी ज्वारी, मी सांगितलं. तिचे वडील गहू पिकवतात म्हणाली. आईने लगेच विचारलं, “पाऊस झाला का यंदा?” दोघींचं तेवढ्यावर बराच वेळ चाललं, मी आपली मधे भाषांतर करत उभी.

मसाला आम्हाला परत मिळाला म्हणून तुम्हालाही मिळेलच असं धरू नका. नियम बदलतात, आणि शेवटचा निर्णय समोरच्या अधिकाऱ्याचा असतो. ‘बायकॉन’ नावाच्या त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर एकेक पदार्थ शोधता येतो. तो निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा.

परतताना एक फायदा फार थोड्यांना माहीत असतो. एकाच दुकानदाराकडून 300 डॉलर किंवा त्याहून जास्त खरेदी निघण्याआधीच्या 60 दिवसांत केली असेल, तर तिथला जीएसटी परत मिळतो. साधारण अकरावा हिस्सा. दुकानाचं करपावतीचं बिल हवं, आणि वस्तू दाखवता आली पाहिजे. ती मोठ्या बॅगेत टाकायची असेल, तर चेक-इनआधीच बॉर्डर फोर्सच्या काउंटरवर दाखवून शिक्का घ्यावा. पैसे मागण्याचा काउंटर इमिग्रेशनच्या पलीकडे असतो आणि उड्डाणाच्या किमान 30 मिनिटं आधी दावा करावा लागतो. रांग मोठी असते, त्यामुळे व्हीलचेअर ढकलणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते सरळ गेटवर नेऊन सोडतात. दादाने आईला घेऊन दिलेल्या श्रवणयंत्राचं बिल मी दाखवायला गेले, तर कळलं की त्यावर मुळात जीएसटीच लावलेला नव्हता. तेव्हा रांगेत उभं राहण्याआधी बिलावर कर लिहिलाय का, एवढं बघून घ्या.