पाणी आलं

ठाणे स्टेशनजवळच्या एका वर्गात मी स्पर्धा परीक्षांसाठी मराठी व्याकरण शिकवतो. संध्याकाळच्या बॅचला बहुतेक जण नोकरी आटोपून येतात. शब्दशक्ती, म्हणजे शब्द अर्थ कसकसा देतो, हे माझं आवडतं प्रकरण, आणि गाइडांनी त्याचीच माती केली आहे. ‘बाबा ताटावर बसले’ दिसलं की लक्षणेवर, म्हणजे शब्दशः न घेता त्याच्याशी जोडलेला अर्थ घ्यायचा त्या पर्यायावर, खूण करायची, पुढे सरकायचं. रोज लोकलमध्ये आपण ‘चला, ठाणं आलं’ म्हणतो तीही लक्षणाच, हे कुणी सांगत नाही. ठाणं जागेवरच असतं, येतो आपण.

व्यंजना, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, मात्र मी संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या उदाहरणावरूनच शिकवतो. त्याच्या ११व्या शतकातल्या ‘काव्यप्रकाशा’तलं वाक्य एवढंच: सूर्य मावळला. गुराख्यासाठी त्याचा अर्थ गाई वळवा, मजुरासाठी काम थांबवा. अर्थ ठरतो तो बोलणारा, ऐकणारा, प्रसंग, स्थळ, वेळ यांवरून. आणि काकूवरून, म्हणजे आवाजाच्या चढउतारावरून. ‘तू येणार’ हे दोनच शब्द मी तीन सुरांत म्हणून दाखवतो: सांगणं, विचारणं, टोमणा.

जुलैतल्या त्या संध्याकाळी हे दाखवून होतंय तोच विटाव्याहून येणाऱ्या एका ताईंचा फोन वाजला. त्या उभ्या राहिल्या. “सर, पाणी आलं.”

त्यांच्या नळाला संध्याकाळी पाणी येतं. आठवड्यातून दोन-तीनदा हेच सांगून त्या लवकर निघायच्या. मला तर आयतं उदाहरण मिळालं. “थांबा, जाऊ नका,” म्हणत मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला अर्थ विचारू लागलो. पिंप भरा. मोटर लावा. कपडे भिजत घाला. मुलं रंगात आली होती. ताई तशाच उभ्या, पिशवी छातीशी धरलेली.

“ताई, तुम्ही सांगा. पाणी आलं म्हणजे काय?”

“घरात, सर.”

बाहेर दुपारपासून कोसळत होता, त्यात खाडीला भरती. घरी दहा वर्षांचा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली सासू. बॅचमधली दोन मुलं त्यांच्यासोबत लगेच निघाली. मी फळा पुसला नाही, वर्ग सोडून दिला.

मुलाने आजीला वरच्या फळीवर सरकता येईना म्हणून खाटेखाली विटा रचल्या होत्या. तांदूळ गेला, माणसं सुखरूप राहिली. पण ती पाच-सात मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. वक्ता, प्रसंग, स्थळ, वेळ, सगळं समोर होतं. त्यांचा आवाज कापत होता आणि मी काकू शिकवत होतो.

चार दिवसांनी त्या आल्या. वही उघडून विचारलं, “सर, मी म्हटलं ती अभिधाच ना, सरळ शब्दशः अर्थ? पाणी खरंच आलं होतं.”

“अभिधा. आणि ‘मला जाऊ द्या’ ही व्यंजना.”

“पेपरात एकच पर्याय असतो, सर,” म्हणत त्यांनी दोन्ही लिहून घेतलं.