तुम्ही विचारलंत म्हणून: पिल्लाचं पोट बिघडलंय, काय देऊ?

घरी कुत्र्याचं नवं पिल्लू आलं की चार-आठ दिवसांत मला फोन येतो. "शी पातळ होतेय, काय देऊ?" मी मात्र आधी पिल्लाबद्दल विचारते. खेळतंय का? खातंय का? उलटी झाली का? लस कधी दिली?

पिल्लू उड्या मारतंय, भूकही आहे आणि फक्त शी पातळ आहे, तर बहुतेक वेळा कारण साधं निघतं. आई-भावंडं सुटलेली, त्यात खाणंही एका दिवसात बदललेलं. आधीचं खाणं चालू ठेवा आणि त्यात थोडं थोडं नवं मिसळत ७ ते १० दिवसांत बदल पूर्ण करा. दूध बंद करा. आईचं दूध सुटत जातं तशी दुधातली साखर पचवायची ताकद कमी होते, आणि गाईच्या दुधात ती साखर कुत्रीच्या दुधापेक्षा जास्तच असते.

"इतकं स्वच्छ पिल्लू, त्याला कुठले जंत?" हे तर मी नेहमी ऐकते. पण गोलकृमी आईच्या पोटातच नाळेवाटे पिल्लात शिरतात, जन्मानंतर दुधातूनही येतात. म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करतात आणि पुढे दर दोन आठवड्यांनी देतात, तेही वजन करून. अंगाने हडकुळं पण पोट टम्म, असं पिल्लू दिसलं की मला पहिला संशय जंतांचाच येतो. अंकुशकृमी तर आतड्यातून रक्त पितात. कॉक्सिडिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवींवर मात्र नेहमीचं जंताचं औषध चालत नाही, म्हणून व्हेटकडे जाताना ताज्या शीचा नमुना डबीत घेऊन जा.

आता पिल्लाचा ओठ वर करून हिरडी बघा. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि सोडल्यावर दोनेक सेकंदांत परत गुलाबी होते. हिरडी फिकट, चिकट लागत असेल, मानेवरची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसत असेल, तर अंगातलं पाणी कमी झालंय. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका. "पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवा" हा सल्लाही लहान पिल्लाला लावू नका. छोट्या जातींच्या पिल्लांची रक्तातली साखर काही तासांत उतरते. माणसांची जुलाब थांबवायची गोळी किंवा वेदनाशामक तर अजिबात नको.

आणि लसी अपुऱ्या असताना पिल्लू मलूल झालं, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका, मला फोन करण्यातही वेळ घालवू नका. तो पार्व्हो, म्हणजे विषाणूमुळे होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, असू शकतो. घाण वासाची रक्ताळलेली शी नंतर दिसते, काहींना दिसतही नाही. "एक लस झालीय की" यावर विसंबू नका. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला निकामी करू शकते, म्हणूनच पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस पुन्हा पुन्हा देतात.

पार्व्होचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. आधी घाण पूर्ण काढा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून फरशी दहा मिनिटं ओली ठेवा. मऊ अंथरूण, चावायची खेळणी सरळ फेकून द्या.