एका साकवासाठी साडेतीन वर्षं

पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, पोफळीची चार-पाच खोडं आडवी टाकायची, वर बांबूच्या कामट्या बांधायच्या, धरायला एका अंगाने दोरी. झाला साकव. माझ्या जिल्हा परिषद गटातल्या, म्हणजे मतदारसंघातल्या, एका वाडीचे लोक दर वर्षी मे अखेरीला हे काम करायचे आणि जुलैच्या एखाद्या रात्री पऱ्या तो साकव घेऊन जायचा. वाडीत चाळीसेक घरं. शाळा, रेशन दुकान आणि एसटीचा थांबा पलीकडे. "ताय, पाऊस धरलान की पोरां चार-चार दिस घरातच," असं तिथल्या एका आईने मला प्रचारात सांगितलं होतं. ते मी विसरले नाही.

2017 मध्ये मी कोकणातल्या एका जिल्हा परिषदेवर निवडून आले. पक्का साकव बांधून द्यायचा, हे मनात पक्कं होतं. पैसा कुठून येतो, हे मात्र ठाऊक नव्हतं. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी सगळा थेट ग्रामपंचायतींना जायचा, जिल्हा परिषदेच्या वाट्याला त्यातलं काही नव्हतं. सेस फंडातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून, सदस्याला जे मिळतं त्यात एखादी संरक्षक भिंत होते. पुलाच्या कामाला वरच्या दारातच उभं राहावं लागतं, म्हणजे जिल्हा नियोजन समिती, नाहीतर मंत्रालय.

पहिल्या वर्षी मी पालकमंत्र्यांना निवेदन दिलं. त्यात तेवीस मागण्या होत्या. रस्ते, साकव, शाळांची कौलं, नळपाणी, स्मशानशेड. पोच मिळाली, पुढे काही नाही. दुसऱ्या वर्षी तेच निवेदन तारीख बदलून दिलं. त्याचंही तेच झालं.

डोळे उघडले ते एका निवृत्तीला आलेल्या कारकुनामुळे. ते म्हणाले, "ताई, निवेदनाला निधी पडत नाही, प्रस्तावाला पडतो. एक काम धरा. ठराव, जागा, अंदाजपत्रक, तिन्ही तयार ठेवा. मार्चमध्ये कुणाचं तरी काम अडतं, तेव्हा तुमची फाईल वर हवी." माझ्या पाच वर्षांच्या कारकिर्दीतला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच.

2 ऑक्टोबर 2018 च्या ग्रामसभेत एकट्या साकवाचा ठराव घेतला. ठराव सोपा होता, जागा नव्हती. साकवाच्या दोन्ही टोकांची जमीन खासगी, सामायिक. सातबारा काढला तर एकतीस नावं. सहा मयत आणि त्यांची वारसनोंद नाही. उरलेल्यांतले निम्मे मुंबईला. संमतीपत्रं गोळा करायला सगळा हिवाळा गेला. गावकीने चिठ्ठी दिली, मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने पत्ते दिले आणि मी रविवार धरून लालबाग, भांडुप, नालासोपारा अशी फिरले. नालासोपाऱ्याच्या एका आजींना दिसत नव्हतं. कागद सुनेने वाचून दाखवला. आजींनी विचारलं, "दारातला फणस हाय का गो अजून?" आहे म्हटल्यावर त्यांनी अंगठा पुढे केला. शाई पुसायला मी रुमाल दिला, तर तो त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवला. जमीन किती जाणार हे त्यांनी विचारलंच नाही.

मग कनिष्ठ अभियंता मोजणीला आले. पुराची पातळी कुठवर येते, हे त्यांना हवं होतं. वाडीतल्या एका काकांनी त्यांना काठावरच्या किंजळाच्या झाडाशी नेलं. खोडावर छातीएवढ्या उंचीला गाळाची पुसट रेघ होती. अभियंत्यांनी तिथे खडूने खूण केली आणि त्या खुणेवरून साकवाची उंची ठरली. काका तो दिवस अजून सांगतात.

2019 हे वर्ष लोकसभा आणि विधानसभेच्या आचारसंहितांमध्ये गेलं. फेब्रुवारी 2020 मध्ये मी तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरले आणि दुपारी पास काढून मंत्रालयात गेले. ग्रामविकास विभागाच्या 2515 लेखाशीर्षातून, म्हणजे गावातल्या कामांसाठीच्या खात्यातून, काम मिळावं, अशी आमदारांच्या शिफारशीची चिठ्ठी होती. कक्ष अधिकाऱ्यांनी फाईल शांतपणे उलटली. म्हणाले, "हेच काम जिल्हा वार्षिक योजनेतही मागितलंय ना? दोन्हीकडे ठेवलंत तर दोन्हीकडे अडेल. दुसऱ्या योजनेत मंजूर नसल्याचा दाखला लागतो." मला वाटत होतं, चार दारं ठोठावली तर एक उघडेल. इथे नेमकं उलट होतं. मी चिठ्ठी परत पर्समध्ये ठेवली आणि जिल्ह्याचंच, म्हणजे नियोजन समितीचं, दार धरायचं ठरवलं.

महिन्याभरात टाळेबंदी लागली. 4 मे 2020 च्या शासन निर्णयाने योजनांचा खर्च तरतुदीच्या तेहतीस टक्क्यांवर आला, नवीन कामं थांबली. त्या काळात दवाखान्यांना पैसा जायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या जूनमध्ये वाडीने पुन्हा पोफळी तोडल्या, तेव्हा मला रडू आलं.

मार्च 2021 मध्ये कारकुनांनी सांगितलेलं खरं ठरलं. जागेअभावी दुसऱ्या तालुक्यातलं एक काम मागे पडलं, आमची फाईल पूर्ण होती, प्रशासकीय मान्यता मिळाली. आधीच्या कामांची देणी, म्हणजे दायित्व, वजा जाता उरलेल्या निधीच्या दीडपटीपर्यंतच नवी कामं मंजूर करता येत होती; त्यात बसवलेलं ते यादीतलं जवळजवळ शेवटचं काम होतं. जुलैमध्ये चिपळूणचा महापूर आला आणि कोकणातली यंत्रणा पूरहानीच्या दुरुस्तीत अडकली. काम सुरू झालं ते दिवाळीनंतर.

माझं ठाम मत आहे की एवढ्या कामासाठी वाडीला साडेतीन वर्षं वरच्या पैशाकडे बघत बसायला लागू नये. पऱ्याचं पाणी कुठवर चढतं हे त्या काकांना माहीत आहे, आणि तेवढ्या कामाचा पैसा जिल्हा परिषदेच्या हातात राखीव असायला हवा. पंधराव्या वित्त आयोगाने दहा टक्के वाटा जिल्हा परिषदांना पुन्हा दिला, ते बरं झालं. साकवांच्या हिशेबात ते फार थोडं आहे.

मार्च 2022 मध्ये आमची मुदत संपली, प्रशासक आले. स्लॅब पडला मे महिन्यात. तेव्हा मी सदस्य नव्हते, म्हणून उद्घाटनाला मुद्दाम गेले नाही. जूनमध्ये पाऊस धरल्यावर एका संध्याकाळी एकटीच गेले. पऱ्या किंजळाच्या खुणेच्या हातभर खाली होता. दप्तरं डोक्यावर घेऊन चार मुलं पलीकडून आली आणि माझ्या बाजूने पळत घरी गेली. कडेला त्या वर्षी न लागलेली जुनी दोरी कुणीतरी गुंडाळून ठेवली होती.