गाडी थेट ढाक्याला का जात नाही?

लासलगावात लिलाव आटोपले की चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी हमखास विचारतं, "भाऊ, तुमचा ट्रक बांगलादेशला जातो ना, मग कांदा थेट ढाक्यातच का नाही उतरवत?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

ताडपत्री बांधलेली गाडी नागपूर, रायपूर करत कोलकात्याला पोचते आणि पुढे साधारण ८० किलोमीटरवर सीमेवरच्या पेट्रापोलला. पलीकडे बांगलादेशातलं बेनापोल. मध्ये एक फाटक. आपल्याकडची गाडी फाटक ओलांडून बेनापोलच्या यार्डापर्यंत जाते, माल रिकामा करते आणि परत फिरते. तिथून पुढे बांगलादेशी ट्रक. आपला परवाना, आपला विमा तिकडं चालत नाही, एवढंच कारण. १५ जून २०१५ ला थिंफूमध्ये भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांनी गाड्या एकमेकांच्या देशात जाऊ देण्याचा करार केला होता. भूतानच्या वरिष्ठ सभागृहानं तो पुढच्याच वर्षी नाकारला, बाकी तिघांचं घोडं अजून पेंड खातंय.

मी स्वतः एकदा तिकडं गेलो होतो. सीमेकडं जाणाऱ्या जशोर रोडला दुतर्फा शिरीषाची जुनी अवाढव्य झाडं, त्यांच्या सावलीत गाड्यांची रांग, आणि एक ड्रायव्हर ट्रकखाली स्टोव्ह पेटवून खिचडी शिजवत बसलेला. किती दिवस झाले विचारलं तर त्यानं नुसती बोटं दाखवली, चार. कांद्याला चार दिवस म्हणजे घट वेगळी, आणि पाऊस लागला की खालच्या थराला कोंब. गोणी खांद्यावर घेताना तळाची ओल हाताला लागली की हमाल ती न बघता बाजूला टाकत होते. अशी बाजूला टाकलेली प्रत्येक गोणी शेवटी आमच्याच शेतकऱ्याच्या भावातून वजा होते.

म्हणून मी म्हणतो, हजारो किलोमीटरच्या भाड्यापेक्षा ते शेवटचे शंभर मीटर महाग पडतात. पलीकडं त्यांनी आपलं काम केलंय. २५ जून २०२२ ला ढाक्याच्या वाटेवरच्या पद्मा नदीवरील पुलाचं उद्घाटन झालं. आधी फेरीबोटीसाठी गाड्या घाटावर रात्र काढायच्या. आपल्याकडंही आता गाडीचा नंबर ऑनलाइन लावता येतो, रांग बरीच आवरली.

पण रस्त्यापेक्षा मोठी गोष्ट भरवशाची. १४ सप्टेंबर २०२० ला निर्यातबंदी आली तेव्हा माझ्या तीन गाड्या सीमेवर होत्या. तिकडच्या व्यापाऱ्यानं बँकेत एलसी (पैसे देण्याची बँकेची हमी) उघडलेली, त्याचा पैसा अडकला, माझा माल सडला. आदल्या वर्षीही अशीच बंदी आली होती. तेव्हा बांगलादेशच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत हसत म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला कांदा घालू नको असं सांगून आले. तिथं सगळे हसले, पण पुढच्याच महिन्यात ढाक्यात कांदा विमानानं आणावा लागला. अशा वेळी शेजारी तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमारकडं वळतो आणि स्वतःही जास्त पिकवायला लागतो. त्याला दोष कसा देणार? मला राग येतो तो आपल्याच घाईचा. हे गिऱ्हाईक जोडायला माझ्या वडिलांची वीस वर्षं गेली होती.

बेनापोलचा तो व्यापारी अजून माझ्याकडूनच माल घेतो. फक्त फोन आला की तो आता आधी भाव विचारत नाही. विचारतो, "भाई, गेट खुला रहेगा ना?"