दादा, उडवा की जरा!

थंडीत भिगवणला गेलं की कुंभारगावच्या काठावर पक्ष्यांआधी लेन्सच नजरेत भरतात. उजनी धरणाचं पाणी ओसरू लागलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे तिथं उतरतात. होडी त्यांच्या रोखानं निघाली, की कुणीतरी नावाड्याला म्हणतंच, "दादा, अजून पुढं घ्या. उडवा की जरा!"

हा हट्ट का, तेही कळतं. उभा रोहित लांबून पांढुरकाच दिसतो. लालभडक रंग मिटलेल्या पंखांत दडलेला असतो, आणि पंख उघडले की काळ्या पिसांच्या किनारीसकट झळकतो. शिवाय पाण्यावरून धावत उडालेल्या थव्याच्या फोटोला लाइक्सही भरघोस.

पण तो जेवत असतो हो! मान खाली, डोकं चक्क उलटं, वरची चोच खाली. जिभेनं पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर गाळायचं, आत उरलेले किडे-शेवाळ गिळायचं. त्याचा तो रंगही या खाण्यातूनच येतो. मधूनच एखादा जागच्या जागी पाय नाचवत गोल फिरतो आणि चिखल ढवळून काढतो. अशा वेळी त्याला उडवणं म्हणजे पंगतीतून हात धरून उठवणं.

बरं, तो आधी सांगतोही. होडी जवळ आली की एक मान वर होते, मग दुसरी, मग सगळ्याच. पाठोपाठ थवा चालत दूर सरकू लागतो. इथं थांबायचं असतं. नेमका इथंच शटरचा कडकडाट सुरू होतो.

बांबू चिखलात रोवून होडी थांबवली आणि गप्प बसलं, तर माना पुन्हा पाण्यात जातात. मग एखादा आळस देतो: एकाच बाजूचा पाय आणि पंख मागं ताणून. झाला की रंग उघडा! नशीब असेल तर पाचपन्नास जण माना ताठ करून डावीकडे-उजवीकडे झटकत एकत्र चालू लागतात. त्यातला एखादा दोन्ही पंख फाकून क्षणभर तसाच उभा राहतो. विणीच्या आधीची ही मिरवामिरव पाहायला मिळाली, की मला तरी 'फ्लाइट शॉट' बेचव वाटतो. अर्थात यात तास-दीड तास जातो आणि होडीत दुसरी मंडळी असतील तर शिव्याही बसतात.

थव्याच्या कडेला राखाडी-मळकट रंगाची तरुण पोरं असतात. गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात, म्हणून त्यांच्याकडे कुणी लेन्स वळवत नाही. मला मात्र त्यांचा नाद आहे. ती बुजरी, गोंधळलेली, मोठ्यांच्या मागं मागं. घरी त्यांचेच फोटो दाखवायला बसलो की बायको विचारते, "ते सगळं ठीक, पण यात फ्लेमिंगो कुठंयत?"