पाडव्यानंतरचा आठवडा: माणदेशातून आकाशगंगा

सातारा जिल्ह्यात रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचे म्हटलं की बहुतेकांची गाडी कासच्या रस्त्याला लागते. कास उंचावर आहे, रस्ता चांगला आहे, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत नाव आहे. पण फेब्रुवारी ते मे या काळात आकाशगंगेसाठी कास ही चुकीची जागा आहे, आणि त्याचं कारण फक्त दिशेत आहे. आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग आग्नेयेला उगवतो आणि दक्षिणेकडे सरकत जातो. कासवर उभं राहिलं की पूर्वेला साताऱ्याचा उजेड, आग्नेयेला कराडकडचा, आणि दक्षिणेला ठोसेघर-चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे. डोक्यावरचं आकाश काळंभोर असलं तरी फोटोला लागणारा तुकडाच पिवळट होतो.

म्हणून उन्हाळ्यात पूर्वेकडे, माणदेशात जा. माण आणि खटाव तालुके, पुढे सांगली जिल्ह्यातलं आटपाडी, अगदी जतपर्यंत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. तीच कोरडी हवा इथे उपयोगी पडते: दव कमी, धुकं जवळजवळ नाही, आणि टेकड्या बुटक्या असल्याने दक्षिणेचं क्षितिज मोकळं. कास, बामणोली, कोयनाकाठ हे ऑक्टोबरसाठी राखून ठेवा. तेव्हा आकाशगंगेचा तोच दाट भाग नैर्ऋत्येला मावळत असतो, आणि त्या बाजूला कोयनेचं जंगल आहे.

जागा नक्की करताना नकाशावर मुक्कामाच्या ठिकाणापासून आग्नेयेला आणि दक्षिणेला तीस-चाळीस किलोमीटरची रेघ ओढा. रेघेवर तालुक्याचं गाव, साखर कारखाना किंवा पवनचक्क्यांची रांग येत असेल तर जागा बदला. म्हसवडच्या आसपास थांबलात तर आटपाडी नेमकी आग्नेयेला येते, दहिवडीहून विटा दक्षिणेला. फलटण-बारामतीचा उजेड उत्तरेला, म्हणजे पाठीमागे राहतो, त्याची चिंता नको. गावातला एक हायमास्ट दिवा मात्र दोन किलोमीटरवरूनही त्रास देतो. त्याच्या आणि तुमच्या मध्ये टेकाड येईल असं बघा.

आता तिथी. हा भाग नीट समजला की बाकीचं सोपं आहे.

धनू-वृश्चिकाकडचा तो दाट भाग, म्हणजे विंचवाच्या नांगीच्या म्हणजेच मूळ नक्षत्राच्या जरा पूर्वेला, आपल्याकडे २० मार्चच्या सुमाराला रात्री एकच्या आसपास उगवतो. दर दिवशी चार मिनिटं आधी, म्हणजे महिन्याला दोन तास आधी. एप्रिलच्या मध्यावर सव्वाअकराला, मेच्या मध्यावर सव्वानऊला. उगवल्यावर दीड-दोन तास थांबावं लागतं, कारण क्षितिजालगतच्या धुळीतून तो मळकट दिसतो. मार्चमध्ये खरं काम पहाटे तीन ते सव्वापाच एवढंच. त्यानंतर संधिप्रकाश सुरू होतो. दक्षिणेला सर्वांत वर आला तरी तो सुमारे ४३ अंशांवर असतो, त्यामुळे समोरची जमीन आणि आकाशगंगा एकाच आडव्या चौकटीत बसवता येतात.

‘अमावस्या शोधा’ एवढं सांगून भागत नाही. काम पहाटेचं असेल तर अमावस्येनंतरचे दिवस चांगले, कारण शुद्ध पक्षात सप्तमीपर्यंत चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळलेला असतो. वद्य द्वादशीचा चंद्र मात्र ऐन पहाटे वर येऊन बसतो. काम संध्याकाळचं असेल तर उलट: संकष्टीनंतरचे दिवस घ्या. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ पंचांगात असतेच, त्यात रोज पाऊण-एक तास मिळवत जा. या हिशेबाने गुढीपाडव्यापासून चैत्र शुद्ध सप्तमीपर्यंतचा आठवडा पहाटेच्या आकाशगंगेसाठी वर्षातला सर्वांत सोयीचा ठरतो. चंद्र लवकर मावळतो, वळवाचे ढग अजून नियमित झालेले नसतात, रात्री गारवा असतो. शिखर शिंगणापूरची यात्राही चैत्र शुद्ध पक्षातच भरते, तेव्हा त्या रस्त्यांवर गाड्यांचे दिवे असतात. जागा तिथून लांब घ्या.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट मिळते. महिन्याच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमाराला त्रिशंकू हा क्रूसासारखा तारकासमूह दक्षिणेला सरळ उभा असतो. त्याचा सर्वांत खालचा तारा क्षितिजाच्या जेमतेम नऊ अंश वर, आणि डावीकडे मित्र-मित्रक हे दोन तारे. हात लांब केला तर मूठ सुमारे दहा अंशांची होते, यावरून समोरच्या डोंगराची उंची मोजा. एका मुठीपेक्षा उंच डोंगर असेल तर त्रिशंकू पूर्ण दिसणार नाही. सह्याद्रीच्या दऱ्यांत नेमकं हेच होतं.

कॅमेऱ्याचं सांगायचं तर लेन्स कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाची. फुलफ्रेमवर, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, फोकल लेंग्थ १४ ते २४ मिलिमीटर, ॲपर्चर (लेन्सच्या भोकाचा आकडा, लहान आकडा म्हणजे मोठं भोक) एफ २.८ किंवा त्याहून उघडं. सुरुवात रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल, एफ २.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) ३२००, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विन अशी करा. शटर किती वेळ उघडं ठेवायचं यासाठी ‘पाचशेला फोकल लेंग्थने भागा’ हा नियम अजून सांगितला जातो. तो फिल्मच्या काळात ठीक होता. १४ मिलिमीटरला तो ३५ सेकंद देतो आणि आजच्या सेन्सरवर तारे तांदळासारखे लांबट होतात. त्यापेक्षा हा हिशेब करा: ॲपर्चरच्या आकड्याला ३५ ने गुणा, पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या आकाराला ३० ने गुणा, दोन्हींची बेरीज फोकल लेंग्थने भागा. २४ मेगापिक्सेल फुलफ्रेमचा पिक्सेल ५.९ मायक्रॉनचा, म्हणून १४ मिलिमीटर एफ २.८ ला सुमारे २० सेकंद येतात. २४ मेगापिक्सेल क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरचा पिक्सेल ३.९ चा, किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी) १८ मिलिमीटर एफ ३.५ असेल तर १३ सेकंद. किट लेन्स वाईट नाही, फक्त आयएसओ ६४०० पर्यंत न्यावा लागतो आणि एकावर एक फोटो रचण्याला पर्याय राहत नाही.

उजेड बरोबर आहे का हे स्क्रीनवर बघून ठरवू नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कमी उजेडाचा फोटोही लख्ख वाटतो, घरी आल्यावर तो काळा निघतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख, लावा. त्याचा उंचवटा डाव्या भिंतीला चिकटलेला नसावा, डावीकडून साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर असावा.

सर्वांत जास्त रात्री वाया जातात त्या फोकसमुळे. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, बहुतेक ऑटोफोकस लेन्स त्या खुणेच्या पुढेही फिरतात. मॅन्युअल फोकस करा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा आणि एखादा तेजस्वी तारा चौकटीच्या मध्याजवळ आणा. मार्चमध्ये रात्री दहाला व्याध किंवा अगस्त्य, पहाटे ज्येष्ठा. रिंग सावकाश फिरवली की ताऱ्याचा गोळा लहान होत जातो आणि मग पुन्हा मोठा होऊ लागतो. त्या दोन्हींच्या मधली जागा म्हणजे फोकस. कडेला हिरवी किंवा जांभळी झालर दिसत असेल तर अजून थोडं चुकतंय. जमलं की रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा आणि एक फोटो काढून तो कोपऱ्यापर्यंत मोठा करून बघा. संध्याकाळी तापलेली लेन्स पहाटेपर्यंत गार होते, तेवढ्यात फोकस सरकतो. म्हणून दर तासाला आणि प्रत्येक वेळी चौकट बदलल्यावर पुन्हा तपासा.

तीन गोष्टी बंद करायच्या: लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन, ऑटोफोकस, आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन. शेवटचं चालू राहिलं तर २० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी २० सेकंद अडकून राहतो आणि निम्मी रात्र फुकट जाते. पुढे यूव्ही फिल्टर असेल तर तोही काढा. त्याच्यामुळे तेजस्वी दिव्यांची भुतं फोटोत उमटतात.

माणदेशात वारा हा खरा शत्रू. उघड्या माळावर रात्री उशिरापर्यंत तो थांबत नाही. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय पसरून तो कमरेच्या खाली ठेवा, कॅमेऱ्याचा पट्टा सोडवून ठेवा. मधल्या दांड्याच्या हुकाला वजनाची पिशवी लावायची तर ती जमिनीला टेकू द्या. लोंबकळती पिशवी वाऱ्याने झुलते आणि तिच्यासोबत ट्रायपॉडही. वजनासाठी दगड उजेडीच गोळा करा. रात्री हाताने दगड उलथणं म्हणजे विंचवाला किंवा फुरशाला निमंत्रण. बूट तंबूबाहेर ठेवले असतील तर झटकल्याशिवाय पाय घालू नका.

मुक्कामाबद्दल थोडंच. रिकामं दिसणारं रान कुणाचं तरी असतं, दिवसा शेतमालकाला विचारा आणि गावात पोलीस पाटलांच्या कानावर घाला. माळावर रात्री फिरणारे दिवे दिसले तर गावकरी काळजीत पडतात, आणि ते साहजिक आहे. शेतात मेंढ्या बसवलेल्या असतील तर वाड्यापासून लांब राहा, राखणीची कुत्री अंधारात अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत. माणशी चार लिटर पाणी बरोबर न्या. वाळलेल्या कुसळी गवतात शेकोटी अजिबात नको, वणवा लागायला एक ठिणगी पुरते. तंबू ओढ्याच्या पात्रात लावू नका. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग चढतात आणि वळीव वरच्या अंगाला पडला तरी खाली ओढ्याला लोंढा येतो. विजा चमकू लागल्या तर ट्रायपॉड तिथेच सोडून गाडीत बसा. असे ढग बरेचदा मध्यरात्रीनंतर विरतात, आणि पावसाने धूळ बसल्यावर त्या पहाटेचं आकाश सगळ्या हंगामातलं सर्वांत स्वच्छ असतं. संध्याकाळी पाऊस झाला म्हणून परत फिरू नका.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक झोत ते पुसून टाकतो. डोक्याच्या बॅटरीवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर लावा. तंबू आतून उजळलेला हवा असेल तर बॅटरी वीस सेकंद चालू ठेवू नका, तंबू पांढरा फटक होतो. मोबाइलचा स्क्रीन सर्वांत मंद करून, तंबूच्या आतल्या कापडाकडे वळवून दोन-तीन सेकंद पुरतो.

ऑक्टोबरमध्ये तापोळा-बामणोलीच्या बाजूला गेलात तर नियम बदलतात. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. आत रात्री थांबता येत नाही, वासोटा किल्ल्यावरही नाही. मुक्काम शिवसागर जलाशयाच्या काठावरच्या गावांत, खासगी जागेत. महिन्याच्या मध्यावर साडेसातला दाट भाग नैर्ऋत्येला सुमारे २७ अंशांवर असतो आणि दहाच्या आत मावळतो, म्हणजे हातात तासभरच. काही वर्षी दिवाळीची अमावस्या यात पडते. शहराजवळ ती फटाक्यांच्या धुरात जाते, जलाशयाकाठी नाही. कार्तिक अमावस्येपर्यंत थांबलात तर उशीर झाला, तोवर हा भाग अंधार पडतानाच क्षितिजाला टेकायला आलेला असतो.

इथे दव पडतं, आणि भरपूर. काच मोकळ्या आकाशाकडे उष्णता सोडत राहते, हवेपेक्षा गार होते आणि तिच्यावर बाष्प जमतं. लक्षण असं की फोटोगणिक तारे मऊ होत जातात आणि तेजस्वी ताऱ्यांभोवती कडं दिसू लागतं. फोकस बिघडला असं समजून रिंगला हात लावण्याआधी लाल उजेडात काच बघा. कापडाने पुसू नका, लगेच पुन्हा धुरकटते आणि चरे पडतात ते वेगळेच. पॉवर बँकेवर चालणारा पाच व्होल्टचा ड्यू हीटर (काच कोमट ठेवणारी पट्टी) लेन्सच्या पुढच्या कडेला सुरुवातीपासूनच गुंडाळा. दव जमल्यावर लावला तर काच सुकायला बराच वेळ घेते. हीटर नसेल तर हात शेकायची रासायनिक पुडी रबरबँडने बांधा आणि हूड चढवा. पहाटे गार कॅमेरा तंबूत किंवा गाडीत आणताना आधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि आतल्या हवेइतका तापेपर्यंत उघडू नका. तसं केलं नाही तर पाणी काचेच्या आतल्या बाजूला बसतं.

एकच उत्तम फोटो काढायच्या मागे लागू नका, त्याच चौकटीचे सोळा काढा. एकावर एक रचले की नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे सोळांना चौपट. विंडोजवर सीक्वेटर हे फोटो रचायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते आकाश आणि जमीन वेगळी धरून तारे जुळवतं. जमिनीसाठी ट्रायपॉड न हलवता एक वेगळा फोटो घ्या: आयएसओ ८००, तीन-चार मिनिटं. शेवटी लेन्सला टोपण लावून, आकाशाचीच सेटिंग ठेवून दहा-पंधरा काळे फोटो घ्या. गरम सेन्सरवरचे लाल-निळे ठिपके त्यांच्यामुळे निघतात. हे तिथेच, त्याच गारव्यात काढा, घरी येऊन पंख्याखाली काढलेले जुळत नाहीत.